प्रार्थनागृहाची भिंत कोरी का?



मागच्या अंकात पोलादपूरच्या बाजूच्या कातकरी वाडीवरील आपल्या प्रार्थनागृहाचा फोटो छापला होता. नवे पत्रे, सारवलेली जमीन आणि ओळीने बसलेली मुले. तो पाहून तीन पत्रे आली आणि फोन त्याहून अधिक. पत्रे बसल्याचा आनंद सर्वांनी कळवला, आणि जवळजवळ सर्वांनी एकच प्रश्न विचारला : समोरच्या भिंतीवर काहीच कसे नाही? ना क्रूस, ना प्रभूची तसबीर, ना एखादे वचन. एका वाचकांनी तर स्पष्टच लिहिले की, हे प्रार्थनागृह आहे की गोदाम, ते कळत नाही. मुंबईच्या एका कुटुंबाने प्रश्न विचारण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी काच लावलेले, तीन फूट बाय दोन फुटांचे एक चित्र चांगले गोणपाटात बांधून एसटीच्या पार्सलने महाडला पाठवून दिले.

प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्याऐवजी इथे सविस्तर लिहिते आहे. ती भिंत विसरून कोरी राहिलेली नाही. तिच्यावर काय लावावे, यावर आमच्यात जितकी चर्चा झाली तितकी पत्र्यांच्या खर्चावरही झाली नाही.

सुरुवात महाडपासून करावी लागेल. महाडच्या आपल्या खोलीत, जिथे रविवारी भक्ती होते आणि बुधवारी औषधे दिली जातात, तिथे अनेक वर्षे प्रभू येशूची एक तसबीर होती. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते तीच : खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, गोरा चेहरा, नजर किंचित वर. शिकागोचे चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी ती १९४० साली रंगवली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या खिशात मावतील अशा तिच्या छोट्या प्रती वाटल्या गेल्या आणि पुढे कोट्यवधी प्रती जगभर पसरल्या. आमच्या तसबिरीला एका नाताळात कोणीतरी झेंडूचा हार घातला. पुढच्या नाताळात हाराबरोबर उदबत्तीही आली. पाळकसाहेबांनी उदबत्ती काढली, हार राहू दिला. मला त्या हाराचे तेव्हा काही वाटले नव्हते. नंतर वाडीवरचा एक मुलगा मला विचारता झाला, "ताय, हे कधी वारले?" त्याचे बरोबरच होते. आपल्याकडे हार घातलेला फोटो म्हणजे गेलेला माणूस. ज्याच्या पुनरुत्थानाची साक्ष आपण दर रविवारी देतो, त्याला आपणच भिंतीवर स्वर्गवासी करून टाकले होते.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडात शिरले तेव्हा ती तसबीर गेली. तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी कोसळून माणसे गाडली गेली, त्या दिवसांत एका तसबिरीची आठवण कोण काढणार? चिखल उपसताना ती सापडली. काच शाबूत होती, आत कागदाचा लगदा झाला होता. भिंतीवर जिथे ती होती तिथे मागचा जुना रंग तेवढा चौकोनी दिसत होता. तो चौकोन बरेच दिवस तसाच राहिला, आणि खरे सांगायचे तर त्याच्यासमोर प्रार्थना करायला आम्हांला काही अडचण आली नाही. मग प्रश्न पडला की तसबीर नेमकी कशासाठी होती?

पवित्र शास्त्र या बाबतीत एकच गोष्ट सांगत नाही, दोन सांगते, आणि दोन्ही ऐकाव्या लागतात. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नये आणि तिच्या पाया पडू नये, ही आज्ञा आहे. आणि त्याच पुस्तकात, पाचच अध्याय पुढे, कराराच्या कोशावर सोन्याचे करूब घडवण्याची आज्ञाही आहे. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात मोशे देवाच्या सांगण्यावरून पितळेचा सर्प करून खांबावर लावतो आणि त्याच्याकडे पाहणारे सर्पदंशातून वाचतात. प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना स्वतःच्या उंच केले जाण्याची तुलना त्याच सर्पाशी केली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या सर्पाचे पुढे काय झाले, ते फारसे वाचले जात नाही. तो दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात पुन्हा भेटतो. शेकडो वर्षांनंतर लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाच्या आज्ञेने घडवलेली वस्तू, मोशेच्या हातची, तरीही फोडली. आणि शास्त्र त्याबद्दल हिज्कीयाची स्तुती करते. म्हणजे वस्तू वाईट नव्हती, तिच्याशी लोकांचे नाते बदलले होते. मी जेव्हा जेव्हा हा भाग वाचते तेव्हा महाडची ती उदबत्ती आठवते.

पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या भिंती कोऱ्या नव्हत्या. सीरियात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाच्या गावात १९३२ साली एक प्रार्थनाघर उकरून काढण्यात आले. इ. स. २४०च्या सुमाराचे. ते मुळात एक राहते घर होते. आपल्या खोल्यांसारखेच, भिंत पाडून जागा मोठी केलेले. त्यातल्या बाप्तिस्म्याच्या खोलीत उत्तम मेंढपाळ रंगवलेला आहे, पक्षाघाती माणूस आपली बाज उचलून चालतो आहे, आणि पेत्र पाण्यावर उभा आहे. रोमच्या भुयारी दफनभूमीतही मासा, नांगर, मेंढपाळ दिसतात. क्रूसावर खिळलेल्या प्रभूचे चित्र मात्र त्या पहिल्या शतकांत जवळजवळ नाही. जिथे माणसांना खरोखर क्रूसावर टांगले जात होते, तिथे ते चित्र भिंतीवर लावणे सोपे नसावे.

पुढे भांडणे झाली. इ. स. ६००च्या सुमारास मार्सेयच्या बिशपांनी आपल्या चर्चमधली चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप ग्रेगरी यांनी त्यांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता : चित्रांची पूजा थांबवलीत ते बरे केलेत, पण फोडायला नको होती, कारण ज्यांना अक्षर येत नाही ते भिंतीवर वाचतात. पूर्वेकडच्या मंडळीत याच प्रश्नावरून आठव्या-नवव्या शतकात शंभरावर वर्षे गोंधळ चालला. धर्मसुधारणेच्या काळात १५२४ साली झुरिकमधल्या चर्चच्या भिंती साफ केल्या गेल्या. मार्टिन ल्यूथर मात्र मोडतोडीच्या विरोधात होता. हा सगळा इतिहास लांबलचक आहे आणि तो इथे सांगण्याची गरज नाही. आपल्याला हवे ते ग्रेगरीच्या पत्रात आहे : चित्र वाचायचे असते.

आता आपल्याकडे या. आपल्या वाचकांत कॅथलिक बंधू-भगिनीही आहेत आणि त्यांना हा प्रश्न मुळात विचित्र वाटेल. रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंडा-कोर्लईकडे, पोर्तुगीज काळापासूनची मंडळी आहे. तिथल्या देवळात पवित्र मरिया असणारच. पण आपण ज्या परंपरेतून आलो ती वेगळी. स्कॉटलंडचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल १८२३ साली बाणकोटला आले आणि त्याच वर्षी वारले. बाणकोट म्हणजे सावित्रीचे मुख. महाडवरून वाहते तीच ही नदी. त्याच्या दहा वर्षे आधी, १८१३ मध्ये, अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते. या दोन्ही लोकांच्या मायदेशी प्रार्थनाघरे साधी होती : चुन्याची भिंत, लाकडी व्यासपीठ, वर उघडे शास्त्र. पाहण्यासाठी काही नाही, ऐकण्यासाठी सर्व काही. तीच सवय आपल्याला लागली. मराठी मंडळीच्या कोऱ्या भिंतीमागे आळस किंवा दारिद्र्य नाही, एक ठाम मत आहे : लक्ष वचनावरून हलू नये. हे मत मला आजही आदराचे वाटते.

पण एक गंमत पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला अभंग दिले, कीर्तन दिले. टाळ आले, आणि आज त्यांची भजने 'उपासना संगीत'मधून आपण अशी गातो की ती कधी नवी होती हे कोणाला आठवत नाही. आपल्या कानाने शंभर वर्षांपूर्वी विलायती सूर बाजूला ठेवून देशी सूर घेतला. डोळ्यांनी घेतला नाही. भिंत एकतर कोरी ठेवली, नाहीतर शिकागोची तसबीर लावली.

ज्यांनी डोळ्यांसाठी हे काम केले त्यांच्याबद्दल आपल्या मंडळीत कोणी बोलत नाही, म्हणून थोडे सांगते. आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यातल्या सांतो इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईला जे. जे. कला शाळेत शिकले, तिथले विलायती वळण पसंत पडेना म्हणून शांतिनिकेतनला गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. गोव्यात परत येऊन त्यांनी मरियेला साडी नेसवली, सावळा रंग दिला. पोर्तुगीजांच्या गोव्यात हे सहन होण्यासारखे नव्हते. त्यावर टीका झाली. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आले. तिथे शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम होता. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये सुरू केलेला, जिथे अँग्लिकन लोक जमिनीवर बसून जेवत आणि खादी वापरत. कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमाने जागा दिली. तिथे राहून त्यांनी शेकडो चित्रे काढली. १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने पुढे तो ठेवा गोव्यात पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राकडे सुपूर्द केला.

मला त्यांच्या चित्रांतील मरिया आवडते ती सुंदर आहे म्हणून नव्हे. ती कोणत्या विहिरीवरून पाणी आणत असेल, हे मला सांगता येते म्हणून.

इथपर्यंत माझे मत पक्के झाले होते : चित्र चालेल, पण ते आपल्या लोकांचे हवे. आणि नेमके त्याच वेळी मुंबईचे पार्सल आले. गोणपाट सोडले तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. ते वारली शैलीतले चित्र होते. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा, मधोमध हात पसरलेला प्रभू, भोवती तारप्याच्या तालावर फेर धरून नाचणारी माणसे, झाडे, मोर. पाठवणाऱ्यांनी चिठ्ठीत लिहिले होते की, आदिवासी बांधवांना आपलेसे वाटावे म्हणून मुद्दाम त्यांच्याच कलेतले निवडले आहे. त्यामागचे प्रेम खरे होते.

शिमग्याला वीटभट्ट्यांवरची कुटुंबे वाडीवर परत आली, तेव्हा चित्र घेऊन वर गेलो. प्रार्थनेला येणारी पाच-सहा घरे आणि न येणारी बरीच, अशी सगळीच जमली. वाडीवरच्या सर्वांत वयस्क आजीने चित्र जवळ घेऊन नीट पाहिले. मग विचारले, "ही मानसं कंच्या गावची?"

मी म्हटले, "आजी, ही तुमचीच. आदिवासी."

"आमची नाय," ती म्हणाली. "आन ह्याला तोंडच नाय. मंग वळखावा कसा?"

वारली चित्रातल्या माणसाला खरेच तोंड नसते. दोन त्रिकोण आणि वर एक ठिपका. आम्ही शहाण्या माणसांनी 'आदिवासी' या एका शब्दात सगळ्यांना कोंबले होते. वारली लोक पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे. पोलादपूरपासून अडीच-तीनशे किलोमीटरवर. कातकऱ्यांची बोली वेगळी, जगणे वेगळे. त्यांचे नावच कातावरून आले, खैराच्या गाभ्याची साल-तासणी करून, तो उकळून कात काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, तो धंदा गेला, आणि मागे राहिली कोळसाभट्टी, वीटभट्टी आणि दिवाळीनंतरचे स्थलांतर. त्यांना वारली चित्र दाखवून हे तुमचे आहे म्हणणे म्हणजे मालवणी माणसाला लावणी ऐकवून तुझ्याच गावची म्हणण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि ती मला स्वतःला नंतर वाचून कळली. वारली चित्र हे मुळात शोभेचे नाही. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्या चौकात पालघट देवी बसते. तो चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. ती चित्रे कागदावर आली ती १९७०च्या दशकात, जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या कलाकारांच्या हातून. म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतर ती साड्यांवर, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर गेली आणि तिथे देवी कोणाला दिसेनाशी झाली. एखाद्या वारली ख्रिस्ती भगिनीने आपल्या हाताने प्रभूचे चित्र त्या रेघांत काढले तर ते तिचे साक्षीचे काम आहे आणि त्याचा मान आहे. पण आपण बाजारातून आणून दुसऱ्याच जमातीच्या वाडीवर खिळ्याला टांगायचे, यात वारल्यांचाही मान राहत नाही आणि कातकऱ्यांचाही.

त्या दिवशी वाडीवर बरेच बोलणे झाले. प्रार्थनेला नव्याने येऊ लागलेला एक तरुण हट्टाला पेटला होता. त्याचे म्हणणे, दुकानात देव असतो, एसटीत ड्रायव्हरच्या समोर देव असतो, आमच्याच इथे भिंत उघडी का? लोक हसतात. त्याचे दुःख मला समजत होते. ज्यांच्याकडे कधी काही नसते त्यांना देवाच्या घरीही काही नाही, हे टोचते. पण त्याच्याच आईने त्याला गप्प केले. "फोटू आला की हार आला, हार आला की नारळ आला, आन नारळ आला की पैसं," ती म्हणाली. हिज्कीयाची गोष्ट तिने कधी ऐकली नसावी.

आणि मग मी इतके दिवस जे बोलायचे टाळत होते ते बोलावे लागले. महाडच्या खोलीत, तसबीर होती तेव्हा, बुधवारी औषधे घेण्यासाठी एक आई आली होती. मुलाला ताप होता. मी गोळ्यांची पुडी दिली, कशी द्यायची ते सांगितले. तिने पुडी कनवटीला लावली, माझ्या मागच्या तसबिरीकडे पाहिले, हात जोडले आणि हळूच विचारले, "ताय, आता आयतवारी यावं लागंल का?"

तिला तसे कोणी सांगितले नव्हते. आम्ही कधीच कोणाला सांगत नाही, हे वाचकांना माहीत आहे. पण टेबलामागच्या भिंतीने सांगितले होते. माझे तोंड एक बोलत होते आणि माझ्या डोक्यावरची तसबीर, निदान तिच्या डोळ्यांना, दुसरेच बोलत होती : हे ज्याचे औषध, त्याचा हा दर. मी तिला सांगितले की काही यावे लागत नाही. तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. गरजवंत माणूस खोलीत शिरताना भिंत आधी वाचतो, कारण इथे आपल्याला काय द्यावे लागणार आहे, हे त्याला आयुष्यभर आधी ओळखावे लागले आहे. मुकादमाने दिलेल्या उचलीपायी वर्षाचे आठ महिने भट्टीवर काढणाऱ्यांना फुकट या शब्दाची भीती वाटते.

वाडीवरचे प्रार्थनागृहही एकच खोली आहे. रविवारी सकाळी भक्ती, रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग, महिन्यातून एकदा तपासणी. अभ्यासाला येणाऱ्या मुलांत ख्रिस्ती घरची थोडी आहेत. बाकीच्यांच्या घरचा देव वाडीच्या वेशीवर आहे, शेंदूर लावलेला. त्या मुलांनी पाढे म्हणताना कोणत्या चिन्हाखाली बसावे, हे ठरवणारी मी कोण?

काही वाचक म्हणतील, आणि एका पाळकमित्रांनी म्हटलेच, की म्हणजे आपण प्रभूला लपवायचे का? लपवत नाही. बाहेरच्या पाटीवर संस्थेचे नाव आहे, त्यात ख्रिस्ती हा शब्द ठळक आहे. विचारले तर आम्ही कोण आणि का आलो, ते सांगतो. ज्याने उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नये असे शिकवले, त्याचे नाव दानाच्या टेबलावर पावतीसारखे चिकटवायचे नाही, एवढेच. मतभेद असू शकतो. पुरात बुडालेल्या घरांना धान्य वाटताना प्रत्येक पिशवीवर क्रूस छापावा, असे म्हणणारे चांगले लोकही मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही.

मग तोडगा निघाला तो आजीकडूनच. २०२१च्या त्या पावसात तिचे जुने घर बसले. कुडाच्या भिंती गेल्या, एक खैराचा खांब तेवढा राहिला. तिच्या सासऱ्याने रोवलेला. खैराचा गाभा लाल, कठीण, वाळवी त्याला सहसा लागत नाही. आमच्याकडच्या पावसात कागद, प्लायवुड, रंगीत चौकटी यांचे काय होते ते मला पाठ आहे : श्रावणात काचेच्या आत बुरशी, दिवाळीपर्यंत मागून वाळवी. तो खांब चार वर्षे उघड्यावर भिजूनही तसाच होता. आजीने तो दिला. वाडीवरच्याच दोघांनी कुऱ्हाडीने आणि तासणीने त्याचा हातभर क्रूस केला. गुळगुळीत केलेला नाही, पॉलिश नाही. त्याच्यावर प्रभूची आकृती नाही. आपल्या परंपरेत क्रूस रिकामा असतो, कारण तो उठला आहे. कॅथलिक बांधव आकृतीसह ठेवतात, त्याचे दुखणे डोळ्यांआड होऊ नये म्हणून. तेही खरे आहे. आमच्या क्रूसात मधोमध एक जुने भोक आहे, आढ्याची खुंटी जिथे बसत असे तिथले. ते बुजवावे का, असे त्या दोघांनी विचारले. राहू दिले.

हा क्रूस भिंतीवर कायमचा नाही. रविवारी सकाळी घरातील कोणीतरी तो पेटीतून काढून भिंतीतल्या लाकडी खुंटीला अडकवते, भक्ती झाली की पुन्हा कापडात गुंडाळून ठेवते. पहिल्या रविवारी त्या हट्टी तरुणाने तो अडकवला. संध्याकाळी वर्गाला येणारी मुले त्याच खुंटीला दप्तर अडकवतात. यावर एका पाहुण्यांनी नाक मुरडले होते. मला चालते.

घाट चढून महाबळेश्वरवरून वाईकडे कधी उतरलात तर जवळच मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक मोठी घंटा पाहा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या अनेक घंटा देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली अशीच एक. मेणवलीच्या घंटेवर मरिया आणि बाळ येशू आहेत. मी ती पाहिली तेव्हा खाली एक बाई कपडे धूत होती. घंटेवर कोण आहे, असे विचारले तर म्हणाली, "आई हाय कुनाची तरी, लेकरू घेतल्यालं." तिने बरोबर वाचले होते.

मुंबईच्या कुटुंबाला सर्व हकिगत कळवली. थोडे वाईट वाटले असावे, पण उलट टपाली फार समजूतदार उत्तर आले. त्यांच्या संमतीने ते वारली चित्र महाडच्या कार्यालयात लावले आहे, वरच्या मजल्यावर, पुराच्या पाण्याच्या खुणेच्या बराच वर. खाली एक कागद लावला आहे : ही कला कोणाची, चौक म्हणजे काय, पालघट कोण. भेटीला येणारे देणगीदार ते वाचतात आणि आमच्या कार्यकर्त्यांना कातकरी आणि वारली यांतला फरक पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. महाडच्या खालच्या खोलीतला, तसबिरीच्या जागेचा तो चौकोन यंदा रंगाखाली गेला. तिथे नवे काही लावलेले नाही. नाताळात तारा लागतो, त्याबद्दल अजून कोणाची तक्रार नाही.

ज्यांना वाडीवरील प्रार्थनागृहासाठी काही पाठवायचे आहे त्यांना विनंती : तसबिरी, मूर्ती, प्लास्टिकचे दिव्यांचे क्रूस पाठवू नयेत. मोठ्या अक्षरातली शुभवर्तमाने हवी आहेत, आणि अभ्यासवर्गासाठी एक चांगला फळा. मिरगाच्या आधी भिंतीला माती-शेणाचा नवा हात द्यायचा आहे. खुंटी तेवढी लिंपून टाकू नका, असे आजीने सर्वांना बजावून ठेवले आहे.